खोक्यावरचं नाव

आम्ही दोघी न्हावा शेवा बंदराजवळ एका कस्टम्स एजंटच्या ऑफिसात शेजारी शेजारी बसतो. आलेल्या मालाचे कागद तयार करायचे, हे आमचं काम. साहेबांनी एका सोमवारी सांगितलं, दोघींपैकी एकीला आठवड्यातले तीन दिवस घरून काम करता येईल. शनिवारपर्यंत लॅपटॉप घरच्या वाय-फायवर चालवून दाखवायचा, मग ते ठरवतील. मोबाइलचं नेट चालणार नाही.

ते तीन दिवस मला हवे होते. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दर दोन तासांनी थेंब घालायचे होते. त्या आठवड्यापुरते दिवसा नवरा घालत होता, पुढे त्याची रजा संपणार होती. दुसरीच्या घरी नवरा आणि काचेच्या टाकीतले मासे, दोघंही गप्प. तिला घरी बसून काय करायचं होतं, मला कळेना.

ऑफिसचे लॅपटॉप जुने. विंडोज झेपेना म्हणून त्यांवर लिनक्स घातलेलं. दोघींच्याही मशीनचं आतलं वाय-फाय मेलेलं, म्हणजे बाहेरून यूएसबीचं अडॅप्टर लावणं आलं. वायर टाकली असती, पण सासूबाई चाचपडत चालायच्या.

मंगळवारी ती नखाएवढं अडॅप्टर घेऊन आली. दिवसभर मशीनला लावून ठेवलं होतं, हिरवा दिवा लुकलुकत. काल लावलं आणि लगेच चाललं, म्हणाली. तो दिवा मला संध्याकाळपर्यंत टोचत राहिला.

तिला विचारायचं नाही, हे ठरलेलंच होतं. ती चहाला गेली तेव्हा तिच्या ड्रॉवरमधल्या खोक्यावरचं नाव वाचलं. संध्याकाळी वाशीला उतरून तेच घेतलं. तोच रंग, तेच खोकं.

घरी लावलं. दिवा नाही, काही नाही. बुधवारी फोनवर वाचून कमांड टाकल्या. गुरुवारी कळलं, अडॅप्टरचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, नेटवरून उतरवून घ्यावा लागेल. म्हणजे नेट चालू करायला आधी नेट हवं. पेनड्राइव्हवर आणून घातला, तरी नाही. थेंबांची एक वेळ चुकली.

शुक्रवारी डबा खाताना शेवटी तिला सांगितलं. तिने अडॅप्टर उलटं केलं, चष्मा कपाळावर सरकवून बारीक अक्षरं वाचली.

"नाव तेच गं, पण हे नंतरचं व्हर्जन. आतली चिप बदललीये. लिनक्स चिप ओळखतं, नाव नाही."

ती पोळीचा तुकडा मोडत म्हणाली, "आपण दिवसभर काय करतो? लेबल वाचून माल सोडवतो का?"

सोळा वर्षं मी कागदावरचं वर्णन आणि आतला माल जुळवतेय. एका व्यापाऱ्याला तर त्याच आठवड्यात यावरून सुनावलं होतं. ती माझ्या जागी असती तर मी तिला काही सांगितलं नसतं, हे मला पक्कं माहीत होतं. तिने मात्र कागदावर चिपचा नंबर लिहून दिला, जोडलेली चिप दाखवणारी कमांड लिहून दिली, आणि लॅपटॉपच दुकानात घेऊन जा, पैसे द्यायच्या आधी लावून बघ, म्हणून बजावलं.

शनिवारी सकाळी गेले. दुकानदाराने कुरकुरत तीन पाकिटं फोडली. तिसऱ्यात तो नंबर निघाला आणि दिवा लागला. अकराला घरून साहेबांना मेल टाकली. दुपारी त्यांचा फोन आला. दोघींचं चालतंय हे छान झालं, म्हणाले, पण तिचं पहिल्याच दिवशी चाललं होतं, म्हणून घरून काम तिला देतोय. घरी काही बंद पडलं तर ती स्वतः सोडवेल.

निर्णय बरोबर होता. मीही तोच दिला असता. म्हणून तर भांडताही येईना.

थेंबांसाठी शेजारच्या काकूंना किल्ली दिली. आता बुधवार ते शुक्रवार शेजारची खुर्ची रिकामी असते आणि ट्रक ड्रायव्हरांचे सगळे फोन मी घेते. ती घरून पाठवते ते कागद दाखल करण्याआधी मीच तपासते. नाव, वर्णन, वजन, नग, एकेक ओळ. अजून चूक सापडलेली नाही. शोधते मात्र रोज.