मोर्चाच्या दिवशी तालमीतली माती

मलकापूरहून कोल्हापूरला जाणार असाल तर सकाळची एसटी पकडा आणि खिडकीशी बसा. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत मी असाच निघालो होतो. नुकताच मास्तर झालो होतो. आत्यानं पाठवलं होतं. तिचा शंकर शिवाजी पेठेतल्या तालमीत राहायचा. लष्कराची भरती तोंडावर आली होती आणि त्याआधीच मोर्चा होता.

"पोलिसांनी नाव लिवलं की भरती संपली. धरून ठेव त्याला," आत्या म्हणाली.

तेव्हा सगळा रस्ता खडीचा. बांबवड्याला गाडी थांबली, तिथं गरम भजी खाल्ली. आण्या-दोन आण्यांत पोट भरायचं हो! कोल्हापुरात उतरलो तो धुळीनं पांढराफटक. पेठेत बघावं तिकडं तरणी पोरं, कट्ट्यावर, हॉटेलात, दारादारांत. कसलेली, शिकलेली आणि रिकामी. कोपऱ्यावरचे पोलीसही त्यांच्याच वयाचे. मला त्या गर्दीची भीती वाटली आणि खरं सांगतो, हेवाही वाटला.

शंकरनं आधीच ठरवलं होतं. "दादा, मी जाणार. भरती परत येईल की! राज्य मागायची येळ परत येणार न्हाय."

मी त्या रात्री तालमीतच पथारी टाकली.

मोर्चाच्या सकाळी वस्तादांनी हौद्यात, कुस्तीच्या मातीवर, ताकाचे हंडे रिकामे केले. तेल, हळद, लिंबं तयारच होती. माती कालवायला तालमीतला प्रत्येक गडी लागायचा, आणि काम पुरं झाल्याशिवाय हौदा सोडायचा नाही ही रीत. पोरं भडकली.

"वस्ताद, आजच व्हय?"

"आजच. ज्याला घाई हाय त्यानं माझ्या डोक्यावर पाय देऊन जावं."

कोण जाणार? बाहेर घोषणा जवळ आल्या, मग लांब गेल्या. शंकर रडत फावडं मारत होता. दुपारी लाठ्या चालल्या, धरपकड झाली. पोलीस तालमीतही डोकावले आणि कोपरापर्यंत माखलेली पोरं बघून परत फिरले. माझा जीव भांड्यात पडला. तो ताकाचा आंबूस वास आठवला की मी आजही तरुण होतो.

शंकर भरती झाला. पहिल्या सुट्टीवर मलकापूरला आला तेव्हा ओसरीवर त्याचे गावातले सोबती जमले होते, त्या मोर्चाला जाऊन आलेले. सदरे वर करून एकमेकांना लाठ्यांचे व्रण दाखवत होते, हसत होते. आत्या शंकरच्या पाठीला तेल चोळत होती. तिथं एकही व्रण नव्हता. आत्याचा चेहरा सुखानं फुलला होता आणि शंकर मान खाली घालून बसला होता.