आधी पडू दे

"आधी पडू दे. मंग पाहू."

हे म्हणताना मॅडमची मान डावीकडे कललेली असायची. मोबाईलवर खेळणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पडद्यावरचा चेंडू घरंगळला की माणूसही त्याच्या बाजूला झुकतो. मॅडम झुकल्या की त्यांच्यामागे सातवीचा अख्खा वर्ग झुकायचा. शेजारच्या वर्गात मराठी शिकवताना खिडकीतून मला ते दिसायचं आणि माझी कविता बाजूला राहायची.

मॅडम शेजारच्या चांदनी गावाहून रेल्वेने यायच्या. हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी शाळेत त्या विज्ञानाच्या अतिथी शिक्षिका होत्या. अतिथी म्हणजे कायमच्या मास्तरांइतकंच शिकवायचं, आणि कुणी 'उद्यापासून येऊ नका' म्हटलं की निघायचं. घरी आलेल्या पाहुण्याला निदान चहा तरी विचारतात.

मॅडम वर्गात मोबाईलवर दाखवायच्या तो खेळ साधा होता. पडद्यावर बोटाने रेघ ओढायची. वरून चेंडू सुटतो, तो त्या रेघेवरून घरंगळत खालच्या पेल्यात पडला पाहिजे. चेंडू कुठं जाईल, हे मॅडम आधी विचारायच्या. मुलं हमरीतुमरीवर यायची. "भांडू नका रे. आधी पडू दे. मंग पाहू." मध्येच जाहिरात आली की पडद्यावर तळहात ठेवून त्या सतराचा पाढा म्हणून घ्यायच्या. जाहिरात संपायच्या आत पाढा संपला पाहिजे. तेवढ्या वेगाने तो आम्हा मास्तरांनाही येत नव्हता, मला तर नाहीच.

एकदा चेंडू जिथून सुटला त्याहूनही उंच चढ आरामात चढून गेला. मॅडम खवळल्या. "हा खेळ खोटं बोलतो! चला बाहेर." व्हरांड्यात दोन फळ्या तिरप्या लावून त्यांनी खरी गोटी सोडली. ती अर्ध्या चढावरून परत आली. "मोबाईल हरला!" म्हणून मुलांनी शाळा डोक्यावर घेतली.

याचा व्हिडिओ कुणी काढला नाही. पालक समितीतल्या एका गृहस्थांनी काढला तो वर्ग झुकतानाचा, खिडकीतून. मग त्यातला आवाज काढून वर लग्नातलं गाणं चढवलं आणि खाली लिहिलं, 'मॅडम की क्लास, मौज ही मौज'. संध्याकाळपर्यंत तो गावभर झाला. आमच्याच गावच्या लालबागेतल्या माझ्या मेव्हण्याने तो मलाच पाठवला. प्रश्न गेले, पाढा गेला, राहिलं नुसतं डोलणं. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

दुसऱ्याच दिवशी मॅडमना 'उद्यापासून येऊ नका' सांगितलं गेलं. मी मुख्याध्यापकांकडे गेलो. "सर, पाच मिनिटं त्यांच्या वर्गात बसा तर खरं."

"मोबाईल चालू होता का नाही? मंग बस झालं. वरून फोन आला, मी काय करू?"

"वरच्यांनी वर्ग पाहिला का?"

"व्हिडिओ पाहिला ना!"

मी टेबलावर हात आपटला. त्यांचा चहा सांडला, शिपाई पुसायला आला, त्यापलीकडे काही झालं नाही. स्टाफरूममध्ये सगळे माझ्या बाजूने होते, म्हणजे दार लावून होते.

मॅडम डबा पिशवीत घालत होत्या. "तुम्ही भांडत का नाही?" मी त्यांच्यावरच ओरडलो.

"अतिथीनं भांडायचं कोणाशी, सर?" एवढंच म्हणाल्या आणि गाडीच्या वेळेला निघून गेल्या.

त्यांच्या जागी आलेले सर पुस्तक वाचून दाखवतात. वर्ग शांत असतो. मुख्याध्यापकांना त्या शांततेचं भारी कौतुक.

परवा एक अधिकारी तपासणीला आले. सातवीला त्यांनी विचारलं, "उतारावर गोटी सोडली तर कुठं जाईल?"

अख्खा वर्ग डावीकडे झुकला. मुख्याध्यापकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"ये क्या है भाई?" अधिकारी म्हणाले.

पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "सर, आधी पडू द्या. मंग पाहू."

अधिकारी हसले, शेरा लिहिला आणि पुढच्या वर्गात गेले.

मला राहवलं नाही. मी मॅडमना फोन केला. वाटलं, खूश होतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सगळे झुकले?"

"सगळे."

"मंग गोटी कुठं गेली?"

"गोटी सोडलीच नाही त्यांनी."

खेळ सोडून दुसऱ्या कशावर त्यांना चिडलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"मंग पाहिलं काय त्यांनी?"