खिंडीच्या वळणावर अडणारी गाडी

गेल्या नवरात्रात मी देवीवर रुसलो होतो, हे आधी कबूल करतो. पन्नाशी उलटलेल्या माणसाला हे शोभत नाही, पण माझा स्वभावच तापट. बायको म्हणते, सकाळी चुलीच्या आधी मी पेटतो. आमचं गाव वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, खिंडीच्या पलीकडं. माझा एक जुना ट्रक आहे. भात, पेंढा, विटा, वाळू, जे मिळेल ते वाहतो. सव्वीस वर्षं हा ट्रक माझ्याकडं आहे आणि तेवढ्या काळात मी त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता. गाडीचं दुखणं मला नुसत्या आवाजावरून कळतं, असं मी चारचौघांत छाती फुगवून सांगायचो.

पावसाळा सरत आला तशी ही गाडी चढावर दगा द्यायला लागली. सपाटीला नीट चालायची. पण आमच्या बाजूनं खिंड चढताना शेवटचं एक वळण आहे, त्या वळणावर देवीची घुमटी. तिथं आलं की इंजिनाचा दम जायचा आणि दोन आचके देऊन गाडी गप्प. मग मी बॉनेट उघडून इंजिनाला लागून असलेला छोटा हातपंप दाबत बसायचो. तळहाताला फोड येईपर्यंत दाबला की थोडं डिझेल चढायचं आणि गाडी कशीबशी चालू व्हायची. मी म्हटलं, पाईपात हवा धरली असणार. सांधे आवळले, फिल्टर बदलला, टाकी उतरवून धुतली. गाडी पुन्हा त्याच वळणावर, त्याच घुमटीसमोर उभी.

असं चार-पाच वेळा झाल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकली. माझ्या लेकीला, अश्विनीला, लग्नानंतर पाच वर्षं मूल नव्हतं. त्या काळजीत मी याच देवीला बोललो होतो, पोरीची कूस उजवू दे, तुला साडी नेसवीन. पोरीला दिवस गेले. मी मात्र आज नेसवू, उद्या नेसवू करत राहिलो. आता देवीनं माझी वाट अडवली आहे, असं मी ठरवून टाकलं आणि त्या दिवसापासून पंपाकडं, पाईपाकडं बघणं सोडलं. नवरात्रात साडी-चोळी नेली, ओटी भरली, नारळ फोडला, हात जोडून माफी मागितली. दुसऱ्याच दिवशी विटांची खेप घेऊन निघालो आणि गाडी घुमटीसमोर बंद पडली. तेव्हा मी देवीला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. बायकोला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "देवी काय नाक्यावरचा शिपाई हाय व्हय, गाड्या अडवायला?" मी तिच्यावरही डाफरलो.

अश्विनी पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडंच आली होती. दिवाळीनंतर तिला वेल्ह्यात पाहुण्यांकडं नेऊन ठेवायचं, म्हणजे दवाखाना जवळ राहील, असं आमचं ठरलं होतं. पण पोटातल्या जिवानं आमचं वेळापत्रक मानलं नाही. पंधरा दिवस आधीच, एका सकाळी चहा गाळता गाळता पोरगी ओट्याला धरून खाली बसली. गावातली जीप भोरला बाजाराचं भाडं घेऊन गेलेली. रुग्णवाहिकेला फोन लावला तर ती दुसऱ्या पेशंटकडं गेली होती आणि यायला दीड तास लागेल म्हणाले. बायकोनं माझ्याकडं बघितलं. दारात एकच गाडी होती.

पोरीला मधे बसवलं, बायको तिला धरून बसली आणि आम्ही निघालो. गाडी रिकामी होती, त्यामुळं कदाचित चढेल अशी मला आशा होती. आयुष्यात कधी चालवली नाही इतकी हळू गाडी चालवली. प्रत्येक खड्ड्याला पोरगी माझा दंड आवळायची आणि मी समोर बघत राहायचो. शेवटचं वळण आलं. घुमटीचा कळस दिसला, इंजिनानं दोन आचके दिले आणि गाडी थांबली.

मी उतरून हातपंप दाबायला लागलो. तो पोकळ लागत होता, नुसताच आत-बाहेर होत होता. वर पोरगी कण्हत होती, बायको तिला "श्वास घे, श्वास घे" म्हणत होती. मी दाबत होतो आणि रडत होतो. घुमटीकडं बघण्याची हिंमत नव्हती. ज्या तोंडानं शिव्या दिल्या त्याच तोंडानं आता काय मागणार होतो? शेवटी हात थांबले. मनात एवढंच आलं, माझं काय करायचं ते कर, पण पोरीचा यात काही दोष नाही. मोठी प्रार्थना वगैरे काही नव्हती. माझ्याकडं तेवढंच उरलं होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "दाबू नगंस त्यो आता. त्यात जीव न्हाई ऱ्हायला."

एक म्हातारी उभी होती. डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा. तिनं भारा खाली टाकला आणि सरळ बॉनेटमध्ये डोकावली. "ह्यो ज्याच्यावर बसलाय, टाकीतलं डिझेल वढून पुढं ढकलतोय त्यो पंपच गेलाय. आतला दट्ट्या झिजला आसंल. हितं चढ लई, इंजिनाला डिझेल लई लागतं, म्हणून हितंच मरतिया. क्यानमधी डिझेल हाय का?"

कॅन होता. मी नेहमी पाच लिटर जवळ ठेवतो.

"आन् नळी?"

गवंड्यांची पातळी बघायची प्लास्टिकची नळी सीटमागं पडली होती. ती म्हणाली, "क्यान टपावर बांद. नळी फिल्टरला लाव. पंपाला मधी घेऊच नगं. वरून आपसूक उतरंल."

कॅन बांधायला दोरी सापडेना. तिनं आपल्या भाऱ्याची दोरी सोडून माझ्या हातात दिली. सकाळभर कापलेलं गवत रस्त्यावर पसरलं, वाऱ्यानं उडायला लागलं, तिनं वळूनही पाहिलं नाही. ती पायरीवर चढून अश्विनीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी टपावर कॅन बांधला, तोंडानं नळी ओढली, डिझेलचा घोट घशापर्यंत गेला. फिल्टरला येणारा पाईप काढून तिथं नळी बसवली, वरचा स्क्रू ढिला करून हवा जाऊ दिली. बुडबुडे आले आणि मग स्वच्छ धार. ज्या डिझेलसाठी मी दोन महिने हात सोलून घेतले, ते वरून आपलं आपण उतरत होतं.

गाडी चालू झाली. म्हातारी म्हणाली, "जा लेकरा. घाई करू नगंस, पर थांबू बी नगंस." मी तिला नावही विचारलं नाही. खिंड ओलांडली आणि उताराला लागलो. वेल्ह्याच्या दवाखान्यात पोचल्यावर वीस मिनिटांत अश्विनीला मुलगी झाली. नर्सबाईंनी बाळ माझ्याकडं दिलं तेव्हा माझ्या हाताला डिझेलचा वास येत होता, म्हणून मी ते बायकोच्या हातात द्यायला सांगितलं आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो.

चार दिवसांनी भोरच्या बाजारातून नवा पंप आणला. दोन पाईप सोडवले, बोल्ट काढले आणि जुना पंप हातात घेऊन उघडला. आतला दट्ट्या एवढा झिजला होता की पंप उपडा करताच तो आपोआप तळहातावर पडला. म्हातारीनं पंपाला हातही न लावता जे सांगितलं होतं तेच. नवा पंप बसवला, तांब्याचे वायसर बदलले, हवा काढली. तासाभराचं काम. या तासाभराच्या कामासाठी मी देवीला गुन्हेगार ठरवलं होतं.

सव्वा महिना झाल्यावर लेकीला आणि नातीला घेऊन देवीला निघालो. गाडी वळण न अडखळता चढली. ओटी भरून झाल्यावर मी खालच्या वाडीत म्हातारीची चौकशी केली आणि घर लगेच सापडलं. तिचा नवरा ट्रक चालवायचा. मूलबाळ नव्हतं, म्हणून ती वीस वर्षं त्याच्या शेजारी बसून हिंडली होती, आणि गाडी अडली की हत्यारं तीच हातात द्यायची. आता तो नाही. रोज सकाळी ती खिंडीत गवताला येते.

तिनं बाळाला मांडीवर घेतलं, तोंडावरून हात ओवाळून बोटं मोडली. मी तिच्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणालो, "मावशी, त्या दिवशी देवीनंच तुम्हाला पाठवलं."

ती बाळाकडं बघतच बोलली. "म्या काय त्याच दिशी आलीया व्हय? भादव्यात तुला दोनदा सांगितलं हुतं, पंप बग म्हणून. तू म्हणलास, मावशी, तुमी गवत कापा."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र ते काही केल्या आठवेना. तिचा चेहरा आठवला नाही, माझे शब्दही आठवले नाहीत. पण ते माझेच होते, यात शंका नव्हती.

म्हणजे देवीनं वाट अडवली नव्हती. मी पहिल्यांदा अडलो तेव्हाच तिनं माणूस उभं केलं होतं, आणि मी आधी माझ्या शहाणपणात, मग माफी मागण्यात, रुसण्यात, शिव्या देण्यात इतका गर्क होतो की मला ते दिसलं नाही. याला चमत्कार म्हणायचं का, ते मला ठरवता येत नाही. परतताना मी घुमटीपाशी गाडी उभी केली, एकटाच उतरलो. हात जोडले तेव्हा मागण्यासारखं फार काही नव्हतं. एवढंच म्हणालो, आई, तू हाक मारतेसच, मला ती ऐकू येऊ दे.