दिलदारना थंडी वाजते

दिलदार मुल्लाणींचं अख्खं आयुष्य शिरोलीच्या एका फौंड्रीत, भट्टीपुढं गेलं. घरी आले की पौषातसुद्धा उघड्या अंगानं दारात बसायचे. निवृत्त झाल्यावर मात्र सगळं उलटंच झालं. फाल्गुन सरला तरी अंगातला स्वेटर निघेना. बायको मेहमुदा शेजारी पदरानं वारा घेत बसलेली असायची, आणि हे म्हणायचे, "पंखा बंद कर की. थंडी हाय."

सून शबनम मोबाइल बघून सांगायची, "अब्बा, अडतीस हाय बाहेर."

"मोबाइलला वाटत आसंल. मला न्हाय वाटत."

एप्रिलातल्या एका दुपारी मेहमुदाचा जरा डोळा लागला आणि दिलदार स्वेटर-कानटोपी घालून ऊन खायला गच्चीवर गेले. वाळवण काढायला गेलेल्या शबनमला ते टाकीच्या कडेला कलंडलेले दिसले. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही, तोंडानं काहीबाही बरळणं चाललेलं. दोघींनी त्यांना ओल्या चादरीत गुंडाळून दवाखाना गाठला. माणूस थोडक्यात वाचला.

"यांच्या अंगाला आता गरम-गार नीट कळत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वय झालं की काहींचं होतं असं. तुम्हीच सांगत जा."

तेव्हापासून ते काम मेहमुदाच्या गळ्यात पडलं. सकाळी दारात उभं राहून हवेचा अंदाज घ्यायचा आणि सांगायचं, "आज गरम हाय. स्वेटर काढा." दिलदार निमूट काढायचे. मग भर उन्हाळ्यात गुडघे छातीशी घेऊन कुडकुडत बसायचे. ते बघवायचं नाही आणि स्वेटर देताही यायचा नाही.

त्यात तिचं स्वतःचं वय पन्नाशीचं. बसल्या बसल्या अंगातून वाफा निघायच्या. मग ती शेजारच्या धोंडुबाईंना हाक मारून विचारायची, "आज उकडतंय का मलाच हुतंय?"

"तुलाच," धोंडुबाई कधी म्हणायच्या. कधी म्हणायच्या, "उकडतंय की."

श्रावणातल्या एका ढगाळ सकाळी दिलदारनी विचारलं, "घालू का गं स्वेटर?"

मेहमुदा दारात गेली. वारं होतं, पण मान घामानं भिजलेली होती. धोंडुबाईंचं दार बंद होतं, शबनम माहेरी गेलेली. ती परत येऊन जमिनीवरच बसली.

"मला न्हाय कळत. लई दमले मी आता."

दिलदार म्हणाले, "भट्टीवर आसताना घरी आलो की तू म्हणायचीस, हात लावू नका, भाजतंय. मला कवा कळलंच न्हाय ते."

त्यांनी स्वेटर उचलून तिच्या मांडीवर ठेवला. "तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. तुला गार लागलं की मला दे. तवर बसतो मी."

ते तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसले, थोडे कापतच. मांडीवरच्या लोकरीनं मेहमुदाला आणखीच उकडायला लागलं. पण स्वेटर बाजूला सारायचंही त्राण तिच्यात नव्हतं. बसल्या जागी तिचे डोळे मिटले.