नारळ मी ठेवला नाही

तुमच्या मुलीला पहिल्यांदा पाळी आली, त्या दिवशी तिच्याशी पहिलं कोण बोललं? तुम्ही, की तिला हसणारं कुणी?

माझ्याशी पहिल्या बोलल्या वाडीवाल्या काकू. बोलल्या नाहीत, ओरडल्या.

श्रीवर्धनला त्यांची सुपारीची वाडी. आय त्यांच्या अंगणात बायकांबरोबर सुपारी सोलायची. शाळेला सुट्टी असली की मीही जायची. त्या दिवशी काकूंनी मला गळलेली सुपारी वेचायला आत पाठवलं. मी पोफळीच्या झाडांतून टोपली घेऊन परत आले आणि काकू किंचाळल्या.

"अगं, ही बाहेरची झालीय! वेलींत फिरून आली! हो बाहेर, आधी बाहेर हो!"

मी मागे वळून पाहिलं. फ्रॉकला रक्त. मला वाटलं काहीतरी लागलं. मी आयकडे धावले. आय उठली, पण काकूंचा हात आडवा आला. "तू शिवू नकोस तिला. मग तुलाही काम नाही."

आय तिथेच उभी राहिली.

आमच्याकडे पोफळींवर पानवेली चढवतात. पाळीतल्या बाईने वेलींत जायचं नाही, वेल सुकते, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पाळी म्हणजे काय, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. विचारलं की बायका म्हणायच्या, कावळा शिवला. हसायच्या. विषय संपला. नियम दिला, अर्थ दिला नाही. मग नियम मोडला म्हणून मलाच फाटकाबाहेर उभं केलं. काकूंनी माझ्या पावलांवर गोमूत्र शिंपडलं. सगळ्या बायका खाली मान घालून सुपारी सोलत होत्या.

काकूंचा मुलगा झोपाळ्यावर बसून मोबाईलवर ते सगळं घेत होता. अकरावीतला. आम्ही त्याला दादा म्हणायचो.

दुसऱ्या दिवशी ते गावातल्या पोरांच्या ग्रुपवर होतं. खाली वाजणारं गाणं, वर हसणाऱ्या इमोजी. माझा चेहरा स्पष्ट. मग कुणीतरी ते इन्स्टावर टाकलं. वेली सुकल्या नाहीत. एक पानसुद्धा पिवळं पडलं नाही. माझं मात्र शाळेत जाणं बंद झालं.

बाबांनी काय विचारलं ठाऊक आहे? "तुला कोणी सांगितलं होतं तिकडं मरायला?"

त्यांनी दादाला काही विचारलं नाही.

मग एका अनोळखी माणसाचा मेसेज आला. घरात एकच स्मार्टफोन, त्यावर माझं इन्स्टाचं खातं होतं. 'तुझा व्हिडिओ आहे माझ्याकडे. शाळेत सगळ्यांना पाठवू का? नको असेल तर फोटो पाठव.' कसले, तेही त्याने लिहिलं होतं. मी इथे लिहिणार नाही.

मी न्हाणीत गेले. कडी लावली. कॅमेरा उघडला. बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी आधी मला मारलं असतं, मग फोन काढून घेतला असता. आयला सांगितलं असतं तर ती रडली असती. हे मला नुसतं वाटत नव्हतं, नीट माहीत होतं. म्हणून त्या न्हाणीत मी एकटी होते. तो माणूस याच एकटेपणावर जगतो. त्याला जाळं टाकावं लागत नाही. ते आपल्या घरांनी विणून ठेवलेलं असतं.

बाहेरून आयची हाक आली. "बाय, चल बिगीनं. काकू वाट बघत्यात."

काकूंनी सांगितलं होतं, वाडीला विटाळ झालाय, पोरीने राखणदाराला नारळ ठेवून चुकलं म्हणावं. मी फोटो न काढताच, तशीच फोन हातात घेऊन निघाले. फाटकाजवळ राखणदाराचा, वाडी राखणाऱ्या देवाचा, दगड आहे. काकूंनी माझ्या हातात नारळ दिला. दादा झोपाळ्यावरच होता.

आय हळू आवाजात म्हणाली, "काकू, तेवढा तो व्हिडिओ..."

"पोरांची गंमत असते गं ती," काकू म्हणाल्या. "वय आहे त्याचं. तुम्ही पोरींना सांभाळा. मोबाईल कशाला देता हातात?"

दादा हसला.

माझ्या डोक्यात काहीतरी सरळ झालं.

"मी नारळ ठेवणार न्हाय. चुकलं त्याचं हाय. त्यानं ठेवावा."

आयचा हात उठला. मी तिच्यासमोर फोन धरला. "मार, पन आधी ह्ये वाच."

ती एकेक अक्षर लावत वाचत गेली. उठलेला हात कधी खाली आला ते तिलाही कळलं नसेल. तिने फोन काकूंपुढे केला.

"बगा. तुमच्या गमतीपायी माज्या पोरीकडं कोन काय मागतंय."

"हे काही आमच्या मुलाने लिहिलेलं नाही."

"व्हय. पन दार त्यानंच उघडून दिलं न्हवं?"

दादा आत निघून गेला.

नारळ आम्ही घरी नेला. आयने फोडून कालवणात घातला. मेसेज पुसला नाही, तसाच घेऊन पोलिसांत गेलो. बाबा आले नाहीत. अब्रू जाईल म्हणाले. आयचं काम गेलं. तो व्हिडिओ आजही कुणाच्या तरी फोनमध्ये असेल. असू दे. त्यात लाजण्यासारखं जे आहे, ते माझं नाही.

आता मी पत्रकं छापते आणि शाळांच्या फाटकांवर उभी राहते. लोक म्हणतात, असलं चारचौघांत बोलू नये. चारचौघांत बघितलंत तेव्हा चाललं. आता ऐका. मी गप्प बसणार नाही.

आणि तुम्ही हे करा. आज जेवताना मुलीला पाळी म्हणजे काय ते सांगा. तिच्या भावाला उठवू नका, तोही ऐकू दे. त्याला सांगा, कुणाची फजिती तुझ्या फोनवर आली तर ती तुझ्यापाशी थांबली पाहिजे. आणि दोघांनाही एक वाक्य द्या, आजच द्या: "काहीही झालं तरी आधी मला सांग, मी तुला मारणार नाही."

मग ते पाळा.