मंजूचा तोंड मिटलेला फोटो

मंजू गेल्याचं कळलं ते तिच्या सासूबाईंच्या फोनवरून. मेंदूत रक्तस्राव झाला, हॉस्पिटलला पोचेपर्यंत सगळं संपलं, एवढं सांगून त्यांनी लगेच विचारलं, "तुमच्याकडे तिचा तोंड मिटलेला फोटो आहे का हो? पेपरला द्यायचाय." माझी सख्खी धाकटी बहीण गेली होती... आणि मी मुकाट्यानं मोबाइलमध्ये फोटो शोधत होते.

तसा फोटो नव्हताच. मंजू हसली की दातांपेक्षा हिरड्याच जास्त दिसायच्या, आणि ती सारखी हसायची. धायरीला सासरी हे खपलं नाही. पाहुण्यांसमोर सासूबाई स्वतःच्या ओठांवर बोट टेकवायच्या, की मंजूचा हात तोंडावर जायचा. शेवटी तिला डॉक्टरांकडे नेलं. हिरड्या छाटून उपयोग नाही, ते म्हणाले, कारण दात आखूड नाहीत. वरचा ओठ आतून खाली शिवता येईल. सोपं, पण काही महिन्यांत तो पुन्हा सैल पडू शकतो. दोष हाडाचा आहे, तेव्हा खरा उपाय म्हणजे वरचा जबडा कापून वर सरकवणं. मंजूनं विचारलं, "आणि काहीच नाही केलं तर? मला कुठं दुखतंय?" डॉक्टर सासूबाईंकडे बघत राहिले.

घरी साड्या निवडाव्यात तशी चर्चा झाली. जबड्याला वेळ फार आणि दिवाळी तोंडावर, म्हणून ओठ शिवायचं ठरलं. ओठ कुणाचा, हा मुद्दा निघाला नाही. टाके असेपर्यंत हसायला बंदी होती. सासूबाईंनी ती नंतरही उठवली नाही. उन्हाळ्यात ओठ होता तिथं परत गेला. मी फोनवर चिडले, तर मंजू हसत सुटली. म्हणाली, "ताई, त्याला माहेरची ओढ आहे गं."

तेराव्याला गेले. हॉलमध्ये हार घातलेला फोटो मीच पाठवलेला होता, सिंहगडावर खळखळून हसतानाचा. फक्त स्टुडिओत कॉम्प्युटरवर तोंड मिटवून घेतलं होतं. ना भूल, ना टाके, ना सैल पडायची भीती. "आता किती छान दिसते, नाही?" सासूबाई म्हणाल्या. त्या बाईचा मला तेव्हा संताप आला, तो इतक्या आठवड्यांनीही उतरलेला नाही.

तेराव्याच्या त्याच दुपारी मंजूची लेक ईरा माझ्याजवळ येऊन बसली आणि आईची एक फजिती सांगू लागली. सांगता सांगता तिला हसू फुटलं, हिरड्यांसकट, थेट मंजूचं. मग तिची नजर फोटोवर गेली... आणि हात तोंडावर. सासूबाईंना बोटसुद्धा उचलावं लागलं नाही.