पालकांची उदासीनता

पडद्यावर आमचं घर आलं तेव्हा आई माझ्या शेजारीच बसली होती.

तिने ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती. निरोपच तसा होता. शाळेचा शिपाई घरी येऊन सांगून गेला होता, "नागपूरले कार्यक्रम आहे. पोरीसंगं या. सत्कार आहे." आई कामठीत एका मालकाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरते, पावरलूमसाठी. तिने हातापाया पडून सुट्टी मागून घेतली होती.

हॉल गार होता. समोर सगळे शिक्षक, प्राध्यापक. आमचे हेडमास्तरही. पडद्यावर आमचं टिनाचं छप्पर, मोडकी खाट, दोरीवरचे कपडे. दोरीवर आईचा परकर. मागे कोणीतरी हसलं.

मग अक्षरं आली. 'कमी गुणांची कारणे.' त्याखाली पहिलंच कारण : पालकांची उदासीनता.

स्टेजवरच्या मॅडमनी आमच्याकडे हात केला. "ही आमची केस. दहावीत आहे, गणितात नापास. आईपण आलीय सोबत. ताई, जरा उभ्या राहा ना."

आई उभी राहिली. तिने सगळ्यांना हात जोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाली बसताना तिने माझ्या कानात विचारलं, "उदासीनता म्हंजे काय वं?"

मी सांगितलं. "तुले माझ्या शिक्षणाची पर्वा नाही, असं म्हणून राहिल्या."

आईने नुसता पदर सारखा केला.

या मॅडम मला आवडायच्या. हे सांगितलंच पाहिजे. बाबा मागावर, आई कांड्यांवर. घरी मी एकटी. दिवसभर चहूकडून मागांची खडखड. माझ्याशी बसून बोलणारं कोणी नव्हतं, आणि अभ्यास करत होते म्हणून गल्लीतल्या पोरीही माझ्यापासून दूर. मॅडम त्यांच्या संशोधनासाठी म्हणून आमच्या शाळेत आल्या, मग घरी आल्या. त्या मोडक्या खाटेवर बसल्या. विचारलं, "तुला काय अडचण येते गं?" आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी भडाभडा सगळं सांगितलं.

सांगितलं की नववीपासून आम्हाला गणिताला सर नाहीत. ज्यांना परवडतं त्या पोरी ट्युशनला जातात. बाकीच्यांचा तास रिकामा. त्या तासाला मला स्टाफरूममध्ये बोलावतात. चहा कर, कप धू, झाडून घे. मीच का, असं मी एकदा विचारलं होतं. एक सर म्हणाले होते, "तुमच्या घरी कामाची सवय असते ना."

हेही सांगितलं की आई दर थोड्या दिवसांनी शाळेच्या फाटकावर जायची. कामावरून सुटून, केसांत सुताचा कापूस तसाच. विचारायची, "गणिताचे सर कधी येतीन जी?" हेडमास्तर म्हणायचे, "बाई, तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

मॅडमनी मान डोलावत ऐकलं होतं. मग घराचे फोटो काढले. शाळेचा एकही नाही.

हॉलमध्ये मी उभी राहिले. माईक नव्हता, म्हणून ओरडूनच बोलले.

"आमच्या शाळेत गणिताले सर नाहीत. माझी आई विचारून विचारून थकली. गणिताच्या तासाले मी चहा करतो. हे मी तुम्हाले सांगितलं होतं मॅडम. ते पडद्यावर काहून नाही?"

'काहून'वर लोक हसले. बाकी कोणी ऐकलं की नाही, माहीत नाही. हेडमास्तर मोबाईलमध्ये बघत होते. मॅडमचा चेहरा उतरला. त्या हळूच म्हणाल्या, "बेटा, तुझ्यासाठीच करतोय ना आपण हे." कोणीतरी म्हणालं, वेळ कमी आहे, पुढे चला.

मग आईला शाल-नारळासाठी बोलावलं. मी तिचा हात धरला. "आई, नाही घ्यायचं." ती जागच्या जागी अवघडून उभी. मी तिला दारापर्यंत ओढत नेलं. मागून परत हशा.

बाहेर ऑटोत बसल्यावर आई रडली. माझ्यावर चिडली. "काहून बोलली तू? आता ते तुले पास होऊ देतीन का?" कामठी येईपर्यंत आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

सोमवारी गणिताच्या तासाला शिपाई बोलवायला आला. मी म्हणाले, "मी येत नाही." कामाची सवय काढणारे ते सर स्वतः आले. "लीडर झाली का?" मी बाकाला धरून बसून राहिले. मग त्यांनी माझ्या बाजूच्या मैत्रिणीला उठवलं. ती गेली. परत आल्यावर तिने दप्तर उचललं आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. माझ्यामुळे चहा तिच्यावर आला होता. वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही. दुसरंही कोणी नाही. मी रिकाम्या तासाला पुस्तक उघडून एकटीच उदाहरणं सोडवायची. बरोबर की चूक, सांगणारं कोणी नव्हतं.

बोर्डात गणित गेलं. पुरवणीत निघालं.

आता मी नागपुरात, नंदनवन भागात खोली करून राहते. बी.एस्सी. करते, गणित घेऊन. शेवटचं वर्ष. मागचा एक पेपर अजून राहिलाय. आई फोन करते. जेवली का, तब्येत बरी आहे का. अभ्यासाचं विचारत नाही. फाटकावर उभी राहून सरांचं विचारणारी ती बाई त्या हॉलमध्ये कायमची गप्प झाली. मी आपणहून सांगायला गेले तर म्हणते, "मले काय कळते त्यातलं." हेडमास्तरांचं वाक्य तिच्या तोंडी आलं. याची माफी मी कोणालाच देणार नाही.

पेपर परत देणार. गेला तर परत. मला गणिताची शिक्षिका व्हायचं आहे, आणि जिथे गणिताला कोणी जात नाही तीच शाळा मी मागून घेणार. माझ्या तासातून कोणी पोरगी उठवायला आलं, तर दारात मी उभी असेन. समोर हेडमास्तर असले तरी हलणार नाही.